सुईवर रोजांचा हार

गौरेश : हात लावू नकोस. तसंच राहू दे. आधी सांग, हा हार याच्यावर कोणी घातला?

समीक्षा : मी घातला. दसरा आहे आज. तुमच्या सगळ्या हत्यारांना घातला, यालाही घातला.

गौरेश : माझ्या पक्कडीला घाल. सोल्डरला घाल. स्कूटरला घाल, विहिरीच्या पंपाला घाल. हा रेकॉर्ड प्लेअर आपला आहे काय गो?

समीक्षा : आपला नाही म्हणूनच घातला.

गौरेश : म्हणजे?

समीक्षा : ज्याचा आहे त्याच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, देवा महाराजा, हे मशीन ज्याचं आहे त्याची नजर आमच्या घरावरून काढ. नारळ ठेवला, कुंकवाची पिंजर लावली, रोजांचा हार घातला. सगळं पद्धतशीर केलं.

गौरेश : आणि हार अडकवलास कुठे? दांडीला.

समीक्षा : मग कुठे अडकवणार? थाळी गोल आणि सपाट. ही दांडीच तेवढी वर होती. मला गळ्यासारखी दिसली.

गौरेश : गळा नाही तो. तिच्या टोकाला सुई असते. ती सुई रेकॉर्डवर दोन ग्रॅम वजनाने टेकते. दोन ग्रॅम, समीक्षा! काल रात्री दीड तास बसून ते वजन मी तोललं. त्याच्यावर तू पाव किलो झेंडू लटकवलास.

समीक्षा : तुटली?

गौरेश : जनेल उघड, उजेड येऊ दे. टॉर्च दे. इथे धर... अजून खाली. हं. वाकली असती तर सरळ केली असती. मोडलीय. सुई नाहीच टोकाला.

समीक्षा : खाली पडली असेल. थांबा, मी केर काढून बघते.

गौरेश : काय बघणार? मोहरीच्या दाण्याहून बारीक असते ती. सापडली तर काय करू, भाताच्या शिताने चिकटवू?

समीक्षा : ओरडू नका. शेजारी ऐकतील.

गौरेश : शेजार कुठे राहिलाय आता?

समीक्षा : जिभेला सवय राहिलीय. पद्मावतीकाकीचं घर पाडलं हे विसरते मी.

गौरेश : किती वाजले?

समीक्षा : दोनला पाच कमी. साहेबाचा ड्रायव्हर विशाल कधी येणार म्हणाला?

गौरेश : चारला. साहेबाकडे संध्याकाळी पार्टी आहे. दिल्लीहून माणसं येणार, त्यांना हा प्लेअर दाखवायचाय. सत्तर सालातला, स्विस, सागवानी पेटीचा. आणि पेटीवर तुझी ही पिंजर. पाण्यात कालवून लावलीस?

समीक्षा : कोरडी लागत नव्हती.

गौरेश : लाकडात मुरली ती. पूस. नको, ओल्या फडक्याने नको! कोरड्याने. आणि खोबरेलाला हात लावू नकोस, माहीत आहे मला तुझा उपाय.

समीक्षा : नवी सुई मिळत नाही काय?

गौरेश : जपानहून येते. महिन्याने. कधी येतच नाही.

समीक्षा : मग साहेबाला सांगा, बायकोकडून चूक झाली. माणूस आहे तोसुद्धा.

गौरेश : पद्मावतीकाकीने सांगितलं नव्हतं त्याला? सून बाळंतीण आहे, महिना द्या म्हणून? पंधराव्या दिवशी जेसीबी आला. कानात वायरी घातलेली आठ बाउन्सर पोरं आली. बाळंतिणीची खाट त्यांनी उचलून फणसाखाली ठेवली, वर ‘सॉरी मॅडम’ म्हणाले. माणूस आहे म्हणे.

समीक्षा : मग असल्या माणसाचं मशीन घरात घेतलंत कशाला? मी त्या दिवशी चुलीकडून हातवारे करत होते, घेऊ नका, घेऊ नका.

गौरेश : नाही म्हटलं असतं तर?

समीक्षा : नाही म्हटलं असतं तर नाही म्हटलं असतं.

गौरेश : बोलायला सोपं आहे. जमिनीच्या मालकाने, भाटकाराने, चतुर्थीच्या आधी सगळं भाट विकलं. माड विकले, विहीर विकली, आणि आपण राहतो ती जमीनही त्यातच. घर आपलं, जमीन आता साहेबाची. तो दारात येऊन म्हणतो, ‘तुम प्लेअर ठीक करते हो ना?’ मी काय सांगू? माझी सुटी आहे म्हणून?

समीक्षा : दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला कायद्याने हलवता येत नाही म्हणून तुम्हीच सांगता ना? आजोबापासून घर आहे. मामलेदाराकडे अर्ज आहे.

गौरेश : अर्ज आहे. निकाल नाही. निकाल लागेपर्यंत आपण मुंडकार आहोत हे आपल्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक.

समीक्षा : म्हणूनच देवाला सांगितलं ना मी. तुम्ही भिऊन मशीन घेतलंत, मी भिऊन पूजा केली. मलाच कशाला बोलता?

गौरेश : बोलत नाही तुला. माझं ते सामान दे. मेजाच्या खणातला छोटा पेचकस, चिमटा आणि सोनाराचा काटा.

समीक्षा : काय करताय?

गौरेश : माझ्या प्लेअरचं डोकं काढतो. सुईसकट. याला बसवतो.

समीक्षा : तुमचं? त्या सुईसाठी तीन वर्षं थांबला होतात तुम्ही. मला हात लावू देत नव्हतात.

गौरेश : आता लाव. मला बसवता येणार नाही. हात बघ माझे.

समीक्षा : केवढे थरथरतात! बसा जरा. पाणी प्या.

गौरेश : बसून होणार नाही ते. हे बघ, मागे चार तारा आहेत. केसाएवढ्या. तांबडी, हिरवी, पांढरी, निळी. ज्या खिळीला जी होती तिलाच ती गेली पाहिजे. चिमट्याने धर आणि सरळ ढकल. वाकवलीस तर तुटेल, आणि आतली तार बदलायची म्हणजे पूर्ण दांडी उघडायला लागेल. संध्याकाळ होईल.

समीक्षा : सांगा. तांबडी कुठे?

गौरेश : उजवीकडे वर. हळू. श्वास घेऊ नकोस तिच्यावर.

समीक्षा : बसली.

गौरेश : हिरवी तिच्याखाली. ...तुझे हात इतके शांत कसे गो?

समीक्षा : शांत कुठले! हातांना अबोलीचे वळेसर, गजरे गुंफायची सवय आहे, ते आपले आपण करतात. पांढरी?

गौरेश : डावीकडे वर. खाणीवर होतो तेव्हा ट्रकाचं सगळं वायरिंग मी काळोखात करायचो. पावसात, चिखलात. डिचोलीत ड्रायव्हर म्हणायचे, गौरेशच्या बोटांना डोळे आहेत. खाण बंद पडली तेव्हासुद्धा हात थरथरले नव्हते.

समीक्षा : तेव्हा पगार गेला होता. घर नव्हतं जात. ही निळी. झालं.

गौरेश : झालं? बघू. हं, बरोबर आहे. मोरजीच्या त्या रशियन बाईने टाकून दिलेला पहिला प्लेअर उघडला, तेव्हा या चार तारा लावायला मला आठवडा लागला होता. तू दहा मिनिटांत लावल्यास.

समीक्षा : कौतुक नंतर करा. पुढे काय?

गौरेश : गवंड्याची लेव्हल ठेव थाळीवर. काच वर. बुडबुडा कुठे आहे?

समीक्षा : दाराकडे पळतोय.

गौरेश : जमीनच उतरती आहे आपली. मेजाच्या त्या पायाखाली पुठ्ठा सरकव. आणखी. बस. आता?

समीक्षा : मधे आला. दोन रेघांच्या मधे.

गौरेश : आता वजन. काटा ठेव, सुई त्याच्यावर टेकवतो. काय दाखवतं?

समीक्षा : तीन पॉइंट चार.

गौरेश : जास्त. रेकॉर्ड खरवडून काढेल. मागचं गोल वजन आणखी मागे घेतो. आता?

समीक्षा : दोन पॉइंट सहा. दोन पॉइंट दोन. दोन. राहू द्या, राहू द्या, हात काढा.

गौरेश : काढला. रेकॉर्ड लाव कुठलीही. भजनाची नको, तुझा देव आधीच कामाला लागलाय.

समीक्षा : देवाची थट्टा नको आज तरी. ...अगोबाई, हा घूं घूं आवाज कसला? जेसीबीसारखा?

गौरेश : जेसीबी नाही, अर्थिंग. काळी तार लावायची राहिली. थांब. हं. गेला?

समीक्षा : गेला. वाजतंय. अहो, छान वाजतंय! हार्मोनियमचा आवाज ऐका, माणूस खोलीत बसल्यासारखा.

गौरेश : वाजणारच. माझी सुई आहे ती. ...गप्प. बंद कर. गाडी आली काय?

समीक्षा : तीनच वाजलेत.

गौरेश : गाडी आहे. त्याचीच आहे. डाग गेला काय लाकडावरचा?

समीक्षा : नाही जात. फिका झाला.

विशाल : गौरेशदादा, आसात काय घरात?

गौरेश : ये रे, विशाल. चारला येणार होतास ना?

विशाल : साहेबांनी सांगल्यानी, चार नको, तीनाकच जा. वयनी, पाणी देवा घोटभर. बांद्याक घराकडे जावचा होता आज दसऱ्याक, ता पण ऱ्हवला. झाला काय मशीन?

गौरेश : झालं. रबराचा पट्टा नवीन घातला, खाऱ्या वाऱ्याने सैल पडला होता. मोटारला तेल दिलं. वेग बरोबर आहे. फक्त...

समीक्षा : फक्त काही नाही. वाजतं उत्तम.

विशाल : ह्यो तांबडो डाग कसलो?

गौरेश : सांगतो. खरं सांगतो. हिने दसऱ्याची पूजा केली त्याची. पिंजर लागली. आणि हाराच्या वजनाने सुई मोडली. मी माझी घातली, चांगली आहे, पण त्याची नव्हे.

समीक्षा : झालं! सांगितलंत एकदाचं. पोटात काही ठेवता येत नाही तुम्हाला.

विशाल : दादा, वाजता मा?

गौरेश : वाजतं.

विशाल : मगे कशाक सांगतास? तेंका काय कळताहा? लोकांक दाखवूक ठेवतत तो प्लेअर. मोबाइलवरची गाणी लावतत आणि ह्याची थाळी नुसती फिरत ऱ्हवता. डागाचा मात्र बघूक होया. गाडयेक हार घातलो सकाळी, तर माका म्हणाले, पेंट खराब होईल, काढ. वयनी, तुम्ही देवाची वस्तू नाय, तेंची वस्तू पुजलात.

समीक्षा : माहीत आहे मला कोणाची ती. घ्या पाणी.

विशाल : आता एक सही करा हय, म्हणजे मी मोकळो. कागद आणलंय.

गौरेश : कसली सही?

विशाल : काम झाला म्हणान. पावतीच ती.

गौरेश : दे. पेन कुठे आहे माझं? डागाचं काही बोलणार नसेल तर दहा सह्या करतो.

समीक्षा : थांबा.

गौरेश : थांबा काय? तो उभा आहे.

समीक्षा : उभा राहू दे. कदेल आहे तिथे, बसू दे. इंग्रजी आहे हे. तुम्हाला येतं?

गौरेश : तुला तरी कुठे येतं?

समीक्षा : सहा वर्षं गेस्टहाऊसात आलेल्यांची बुकिंगं वाचते. हळूहळू येतं. पावती असेल तर वाचायला काय हरकत आहे, काय रे विशाल?

विशाल : वाचा की. माका इंग्लिश येयना. सातवी झालंय मी.

समीक्षा : ‘मी, खाली सही करणार...’ हे तुमचं नाव. मग सर्व्हे नंबर. हा आपलाच नंबर ना?

गौरेश : आपलाच. पावतीवर जमिनीचा नंबर कशाला?

समीक्षा : ‘सदर मालमत्तेवर केअरटेकर म्हणून कामाला आहे.’ पुढे... ‘मालकाने दिलेल्या आउटहाऊसमध्ये कुटुंबासह राहतो.’

गौरेश : काय? परत वाच.

समीक्षा : ‘मालकाने दिलेल्या.’ असंच आहे. ‘मालकाचं म्युझिक सिस्टिम आणि इतर सामान दुरुस्त करणं आणि सांभाळणं हे माझं काम आहे. मालक सांगतील तेव्हा जागा खाली करून देईन.’ खाली तुमच्या सहीची रेघ. पुढे साक्षीदार म्हणून याचं नाव.

विशाल : माझा नाव?

समीक्षा : विशाल. आडनावासकट. छापलेलं आहे.

गौरेश : केअरटेकर. म्हणजे राखणदार. चाकर. चाकर हा मुंडकार होत नाही, समीक्षा. सुदेश वकिलाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चाकराला मालकाने खोली दिली आणि मालकाने ती परत घेतली, एवढंच. कोर्ट नाही, मामलेदार नाही. आजोबाने बांधलेलं घर एका सहीने त्याचं आउटहाऊस होतं.

विशाल : दादा, शप्पथ, माका काय म्हायत नाय. माका सांगल्यानी पावती.

समीक्षा : पद्मावतीकाकीने कसल्यातरी कागदावर सही केली. कसला कागद, ते तिला अजून ठाऊक नाही. विचारलं की रडते. तिच्याकडे कागद कोण घेऊन गेला होता रे?

विशाल : वयनी, आणखी घोटभर पाणी देवा.

समीक्षा : मी विचारते आहे.

विशाल : मीच गेल्लंय. साहेबांनी तिका शिलाईची मशीन दिल्यानी नवी. म्हणाले, मशीन पोचली म्हणान सही घे. ती माका चाय करून दिल्यान. उंडो दिल्यान खावक.

समीक्षा : मशीन! तिला शिलाईची, आम्हाला गाण्याची.

गौरेश : आणि तू फोटो काढलास. प्लेअर आणलास त्या दिवशी. दारात मला उभं केलंस, मशीन हातात देऊन. हसा जरा दादा, म्हणालास. मी हसलो.

विशाल : साहेबांनी सांगल्यानी काढूक.

गौरेश : महिनाभर त्याचं सामान माझ्या घरात. फोटोत मी ते सांभाळतोय. हसतोय. अरे, माझ्यासारखा मूर्ख माणूस पेडण्यात दुसरा नसेल. तो प्लेअर बिघडलेला तरी होता काय? पट्टा सैल होता, तेवढंच. मला वाटलं या अख्ख्या भागात मलाच काम येतं म्हणून माझ्याकडे आला.

समीक्षा : आता छाती पिटू नका. सही झालेली नाही. विशाल, हा कागद परत ने. सही होणार नाही म्हणून सांग.

विशाल : तसा कसा सांगू, वयनी? सहीशिवाय परत गेलंय तर उद्या दुसरो ड्रायव्हर. गाडी तेंची, माझी नुसती नोकरी. बायलेक आठवो महिनो आसा.

समीक्षा : पद्मावतीकाकीची सून तर बाळंतीण होती.

गौरेश : पुरे गो. त्याला बोलून काय मिळणार? तोसुद्धा आपल्यासारखाच भ्यालाय.

समीक्षा : भ्याला आहे म्हणूनच दारोदार कागद फिरवतो. भिणाऱ्यांच्या हातूनच सगळं चाललंय त्या माणसाचं. तुम्ही मशीन घेता, मी पूजा करते, हा सही आणतो. त्याला बोटसुद्धा उचलायला लागत नाही.

विशाल : थांबा. मी सांगतंय तेंका काय ता. तुमचा नाव येवचा नाय. सांगतंय, घराक कुलूप आसा, तुम्ही सणाक खय तरी गेलास. चार दिवस तरी जातले. तवसर तुम्ही वकिलाक गाठा.

गौरेश : चालेल. सांग. हळर्णला गेले म्हण, हिच्या माहेरी.

विशाल : गप ऱ्हवा हां दोघाय. ...हॅलो, सर. सर, इधर कोई नहीं है. हां सर, बराबर देखा. ताला लगा है. दरवाजे को, हां. नहीं सर, खिड़की भी बंद. ...जी? ...जी सर. भेजता हूं.

समीक्षा : काय म्हणाला? ओरडला?

विशाल : नाय. खूश झाल्यासारखो वाटलो.

गौरेश : काय पाठवतो म्हणालास?

विशाल : कुलपाचो फोटो. म्हणाले, घराचो पूर्ण फोटो काढ, कुलूप दिसाक होया, आणि आजची तारीख येवक होयी. कुलपाचो फोटो तेंका कशाक?

गौरेश : फोटो काढू नकोस. फोन खिशात ठेव.

समीक्षा : अहो, बोला. कशाला हवा त्याला?

गौरेश : मुंडकार तोच, जो घरात राहतो. कुलूप म्हणजे कोणी राहत नाही. दसऱ्याच्या दिवशीसुद्धा घर बंद, सणाला दिवा नाही. असे चार फोटो जमवले की झालं. मामलेदाराकडच्या तारखेला मांडेल तो, बघा, घर कधीचं सोडून गेलेत.

विशाल : मी बरा करूक गेलंय, दादा.

गौरेश : कळलं मला. आता परत फोन लाव.

विशाल : परत? काय सांगू?

गौरेश : आले म्हण. आत्ता आले. घरातच आहेत, दोघेही.

विशाल : आणि सहीचा विचारल्यानी तर?

समीक्षा : वाचली म्हण. वहिनीने वाचली.

विशाल : वयनी, ता सांगलंय तर माझा काय ऱ्हवता?

समीक्षा : मग नको सांगू. वकिलाला दाखवतो म्हणतात, एवढंच सांग. ते खोटं नाही.

विशाल : लागना नाय नंबर. ...हॅलो, सर. सर, वो लोग आ गये. अभी. नहीं सर, बाजार गये थे. नहीं, दोनों हैं. ...साइन के लिए बोला सर. वो बोलते हैं वकील को दिखायेंगे. ...नहीं सर, मैंने कुछ नहीं बताया. कसम से. ...मशीन? मशीन रेडी है सर. ...इधर ही? पर सर, पार्टी... जी. जी सर.

गौरेश : काय?

विशाल : मशीन आणू नको म्हणतत. थयच ऱ्हवांदे.

समीक्षा : संध्याकाळी पार्टी आहे ना? त्याच्यासाठी दिल्लीहून माणसं येतायत ना?

विशाल : म्हणाले, ऱ्हवांदे तेंच्याकडेच.

गौरेश : नाही राहणार. उचल तू.

विशाल : दादा, साहेब नको म्हणतत.

गौरेश : साहेब नको म्हणतात म्हणूनच उचल. एक रात्रही मी त्याची वस्तू या छपराखाली ठेवणार नाही. दांडी बांधून देतो, हलायला नको. समीक्षा, सुतळी. नाही, सुतळी नको, तुझ्या गजऱ्याचा दोरा दे, तो मऊ आहे.

समीक्षा : तुमची सुई आहे त्यात. ती तरी काढा.

गौरेश : राहू दे.

समीक्षा : तीन वर्षं थांबला होता तुम्ही!

गौरेश : त्याची मोडली आपण. भरून दिली. उद्या त्याने म्हणू नये, माझी वस्तू यांच्याकडे बाकी आहे. त्याचं काही आपल्याकडे नको आणि आपलं काही... सुई जाऊ दे. थाळी वेगळी काढतो, वेगळी धर. जड आहे.

समीक्षा : मी फोटो काढते.

विशाल : कसलो फोटो, वयनी?

समीक्षा : मशीन गाडीत ठेवतानाचा. तुझ्याकडून शिकले. आजची तारीख यायला पाहिजे म्हणतात.

विशाल : माझा तोंड नको हां त्यात. पाया पडतंय.

समीक्षा : हातच येतील तुझे. सरळ धर. आणि मागे घर दिसू दे, दार उघडं, दारात तोरण. अहो, तुम्ही बाजूला व्हा. आज हसूही नका.

गौरेश : झालं?

समीक्षा : झालं. तीन काढले.

विशाल : तर मी जातंय. दादा, माका वाईट समजू नका.

गौरेश : नाही समजत. तो काय करील रे तुला? मशीन नेलंस म्हणून?

विशाल : काय म्हायत. फोनवर आरडले असते तर बरा होता. शेवटी नुसता ओके म्हणाले.

समीक्षा : विशाल, ऐक. आमच्याकडे परत कागद घेऊन येणार आहेस काय तू?

विशाल : मी नाय येवचंय, वयनी. दुसरो कोण तरी येतलो. तेका मराठी येयत की नाय, म्हायत नाय.

(गाडीचा आवाज वळणावरून दूर जातो.)

समीक्षा : गेला.

गौरेश : हं.

समीक्षा : बसा आता तुम्ही.

गौरेश : तूसुद्धा.

समीक्षा : बसले. मघाशी वेळ नव्हता. ...सुदेश वकील आज भेटेल काय?

गौरेश : सणाचा नाही भेटणार. उद्या सकाळी जातो पेडण्याला. फोटो दाखवतो. कागद नेला काय गो त्याने?

समीक्षा : कागद इथे आहे. मी परत दिलाच नाही. तो घाबरलेला, त्याने मागितला नाही.

गौरेश : तू...

समीक्षा : उद्या मीही येते. मी वाचलाय, मी सांगेन त्यांना.

गौरेश : तू आलीस तर घरात कोण?

समीक्षा : दोन तासांचं काम आहे.

गौरेश : फोटो काढायला दोन तास लागत नाहीत.

समीक्षा : म्हणजे? कुलूपच नाही लावायचं यापुढे?

गौरेश : नाही लावायचं. एकजण घरात राहणार. चूल पेटलेली दिसायला पाहिजे.

समीक्षा : परवा सेजलचा साखरपुडा आहे. सख्खी भाची माझी.

गौरेश : तू जा. मी राहतो.

समीक्षा : आणि तुमची आई आजारी पडली तर? मी एकटी धावू, की तुम्ही एकटे?

गौरेश : निकाल लागेपर्यंत गो.

समीक्षा : नऊ वर्षं लागतो आहे निकाल.

गौरेश : मग काय करू? तू सांग.

समीक्षा : काही नाही. ढोल वाजायला लागले देवळाकडे. ऐकलंत?

गौरेश : ऐकलं.

समीक्षा : लग्न झाल्यापासून दरवर्षी दोघांनी जाऊन सोनं लुटलंय. आज कोण जाणार, तुम्ही की मी?